स्मृतीचा समास : रोमेअर बिअर्डन यांची कोलाजचित्रे

१

मराठीत स्मरणाची क्रिया सांगताना स्मरण करणाऱ्याला कर्त्याचे स्थान मिळत नाही. ‘मला गाव आठवते’ या वाक्यात क्रियापदाचा अन्वय ‘गाव’ या पदाशी आहे. स्मरण करणारा ‘मला’ असा, केवळ अनुभव घेणारा म्हणून बाजूस उभा आहे. आठवण येते, होते, राहते; क्वचित ती बुजते. ‘आठवण काढणे’ असा सकर्तृक प्रयोग आपल्याकडे रूढ आहे खरा; परंतु तेथेही आठवण ‘काढावयाची’ असते, म्हणजे ती आत कोठेतरी आधीच सिद्ध आहे असे भाषा गृहीत धरते. आठवण घडविणे, रचणे, जुळविणे हे प्रयोग व्यवहारात फारसे आढळत नाहीत. आणि कोणी तसे बोललाच तर ऐकणाऱ्याच्या मनात संशय उत्पन्न होतो. रचलेली आठवण म्हणजे बनावट आठवण, असा आपला भाषिक संस्कार आहे.

या संस्काराची परीक्षा पाहणारी एक कलापद्धती विसाव्या शतकात उदयास आली. ‘चिकटविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तिला कोलाज हे नाव पडले. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणीचे चित्र छापलेले मेणकापड आपल्या एका वस्तुचित्रात चिकटविले. त्याच वर्षी ब्राकने लाकडाच्या रेषांचा आभास निर्माण करणारा भिंतीचा छापील कागद कापून आपल्या रेखाटनात बसविला. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमधील दादापंथीयांनी, विशेषतः हाना होख यांनी, छापील छायाचित्रांची कापाकापी करून या पद्धतीला उपरोधाची धार आणली. या सर्वांच्या हाती कोलाज हे वस्तू आणि तिचे चित्र यांतील नाते तपासण्याचे, किंवा रूढ प्रतिमांची मोडतोड करण्याचे साधन होते. स्मरणाचे साधन म्हणून या पद्धतीचा जो प्रदीर्घ आणि विचारपूर्वक उपयोग अमेरिकेतील कृष्णवर्णीय चित्रकार रोमेअर बिअर्डन (१९११–१९८८) यांनी केला, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्न थोडक्यात असा मांडता येईल. बिअर्डन यांनी आपले बालपण, आपली माणसे आणि आपला समाज यांची चित्रे मासिकांतून कापलेल्या, अनोळखी माणसांच्या छायाचित्रांतून उभी केली. परक्यांच्या चेहऱ्यांतून स्वतःची आठवण कशी घडेल? आणि घडली तर ती कोणाची म्हणावी?

२

बिअर्डन यांचा जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट या गावी, मेक्लेनबर्ग परगण्यात झाला. ते लहान असतानाच कुटुंब उत्तरेस गेले आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात स्थिरावले. दक्षिणेकडील शेतीवाडी सोडून उत्तरेच्या औद्योगिक शहरांकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या ज्या महास्थलांतरात १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लक्ष माणसे सामील झाली, त्यांतीलच हे एक घर. आई बेसी बिअर्डन पत्रकार होत्या. हार्लेममधील लेखक, संगीतकार यांचा त्यांच्या घरी राबता असे. आईकडची आजी पिट्सबर्ग येथे पोलादाच्या कारखान्यांतील मजुरांसाठी खाणावळवजा वसतिगृह चालवीत असे. मुलाच्या मनात अशी तीन गावे साठत गेली : सुटीत परतून पाहिलेले मेक्लेनबर्ग, राहते हार्लेम आणि आजीचे पिट्सबर्ग.

पुढे १९३५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाची पदवी घेतली. जर्मनीतून आलेले व्यंगचित्रकार जॉर्ज ग्रोस यांच्या वर्गात चित्रकलेचे धडे घेतले. शहराच्या समाजकल्याण खात्यात नोकरी धरली आणि ती मधल्या खंडांसह १९६९ पर्यंत केली. पन्नाशीपर्यंतचे त्यांचे चित्रण मुख्यतः रंगांचे, आणि १९५० नंतरच्या दशकात बरेचसे अमूर्त वळणाचे होते. बदल घडला तो १९६३–६४ मध्ये. नागरी हक्कांचे आंदोलन ऐन भरात होते. १९६३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कमधील काही कृष्णवर्णीय चित्रकारांनी ‘स्पायरल’ नावाचा गट स्थापन केला. कृष्णवर्णीय कलावंताचे या आंदोलनाशी नाते काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. सर्वांनी मिळून एक कोलाज करावे, अशी कल्पना बिअर्डन यांनी गटापुढे ठेवली. सहकाऱ्यांना ती रुचली नाही. बिअर्डन मात्र एकटेच त्या वाटेने पुढे गेले. सचित्र मासिके, वृत्तपत्रे, आफ्रिकी मुखवट्यांची छायाचित्रे यांतून कापलेल्या तुकड्यांची त्यांनी लहान लहान चित्रे जुळविली आणि ती छायाचित्रणाने कृष्णधवल रूपात मोठी करून १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘प्रोजेक्शन्स’ या नावाने प्रदर्शित केली.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. सामुदायिक म्हणून कल्पिलेली पद्धती अखेर एका व्यक्तीच्या हाती राहिली. परंतु तिच्यातील सामुदायिकता नाहीशी झाली नाही. ती चित्रकारांच्या संख्येतून निघून चित्राच्या सामग्रीत शिरली.

३

‘पिट्सबर्ग मेमरी’ (१९६४) हे चित्र उदाहरणादाखल घेऊ. मूळ चित्र लिहावयाच्या कागदाएवढेच आहे. समोर दोन पुरुषांचे चेहरे, मागे कारखान्यांचा परिसर. चेहरे कोणत्याही एका माणसाचे नाहीत. एकाच चेहऱ्यात कपाळ एका छायाचित्रातले, डोळा दुसऱ्यातला, ओठ तिसऱ्यातले. तुकड्यांची प्रमाणे परस्परांशी जुळत नाहीत. छपाईची प्रतही भिन्न आहे. कात्रीच्या रेषा लपविण्याचा प्रयत्न चित्रकाराने केलेला नाही. तरीही पाहणाऱ्यास प्रथम दिसतात ते दोन मजूर. तुकडे नंतर दिसतात. आणि तुकडे दिसू लागल्यावरही ती माणसे नाहीशी होत नाहीत.

या अनुभवाचे वर्णन करण्यास आपल्या व्याकरणपरंपरेतील समासविचार उपयोगी पडेल असे वाटते. दोन पदे एकत्र आली की त्यांच्या स्वतःच्या अर्थाचे काय होते, असा प्रश्न पतंजलीने महाभाष्यात चर्चिला आहे. पदे आपला अर्थ टाकून देतात असे मानणे हा ‘जहत्स्वार्था’ वृत्तीचा पक्ष. न टाकता नव्या अर्थात सहभागी होतात असे मानणे हा ‘अजहत्स्वार्था’ वृत्तीचा पक्ष. रंगाने काढलेल्या चित्रात रंग पहिल्या प्रकारे वागतो : नळीतील तांबडा रंग ओठ झाला की त्याला नळीची आठवण राहत नाही. कोलाजमधील तुकडा दुसऱ्या प्रकारचा आहे. तो ओठ होतो, पण मासिकाच्या पानावरचा कोणा अज्ञात माणसाचा ओठ म्हणून त्याचे जे पूर्वीचे अस्तित्व होते, तेही तो सोडीत नाही.

समासाच्या प्रकारांतही बिअर्डन यांचे चेहरे बहुव्रीहीच्या जवळ येतात. ‘नीलकंठ’ या शब्दाचा अर्थ निळा रंग नव्हे आणि कंठही नव्हे. दोहोंच्या योगाने सूचित होणारा, पण दोहोंत नसलेला असा तिसराच कोणी तो आहे. परंपरेने बहुव्रीहीला अन्यपदार्थप्रधान म्हटले ते याच कारणाने. ‘पिट्सबर्ग मेमरी’तील मजूर अशाच रीतीने कोणत्याही तुकड्यात नाही. आजीच्या वसतिगृहात येऊन गेलेल्या आणि ज्यांचे छायाचित्र कोणी घेतले नाही, अशा माणसांकडे हा परक्या अवयवांचा समूह बोट दाखवितो. ज्यांचे चित्र उरलेलेच नाही त्यांचे सादृश्यचित्र काढणे म्हणजे वस्तुतः कल्पना करणे होय, आणि जुळवलेला चेहरा हे सत्य लपवीत नाही. सांधे उघडे ठेवून तो सांगतो की, मूळ हरवले आहे आणि ही जुळणी त्याच्या जागी आहे. बिअर्डन यांच्या रचलेल्या स्मृतीला खोटेपणाचा दोष लागत नाही तो यामुळे. दोष लागला असता तो सांधे लपविले असते तर.

राल्फ एलिसन यांनी १९६८ मध्ये बिअर्डन यांच्यावर लिहिलेल्या निबंधात या तंत्राचा संबंध कृष्णवर्णीयांच्या इतिहासातील खंड, उड्या आणि उलटापालट यांच्याशी जोडला होता. ही दृष्टी मोलाची आहे; परंतु तिच्यात एक धोकाही आहे. इतिहास तुटलेला म्हणून चित्र तुटलेले, अशी सरळ प्रतिबिंबाची उपपत्ती त्यातून काढली जाऊ शकते. तसे असते तर कोणतेही तुकडे कसेही चिकटविले तरी चालले असते. बिअर्डन यांची जुळणी तशी नाही. त्यांनीच १९६९ मध्ये ‘लिओनार्दो’ या नियतकालिकात आपल्या चित्रांतील आयताकार रचनेसंबंधी लेख लिहून, आडव्या-उभ्या आयतांच्या प्रमाणबद्ध मांडणीवर आपली चित्रे कशी उभी राहतात याचे विवेचन केले आहे. डच घरगुती चित्रांतील दारे, खिडक्या, फरशा यांची शिस्त त्यांनी अभ्यासली होती. तुकडे इतिहासाने दिले असतील. त्यांचा अन्वय चित्रकाराने लावला आहे.

४

बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्राशी परिचित असलेल्या वाचकास येथे एक शंका येईल. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथातील मांडणीनुसार ललित कलेचे माध्यम म्हणजे त्या कलेला प्रकृत असणाऱ्या संवेदना. त्यांची संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी झालेली संघटना हे सौंदर्य. मग कापलेला कागद हा केवळ रंगाकार म्हणून पाहावा, की अमुक माणसाचे छायाचित्र म्हणून? पहिला पर्याय घेतला तर स्मृती आणि ओळख या गोष्टी कलाबाह्य ठरतात. दुसरा घेतला तर चित्र हे कागदपत्र ठरते.

कोलाजची विशेषता अशी की, हा विकल्प त्याच्यापुढे टिकत नाही. ‘द डव्ह’ (१९६४) या चित्रात हार्लेममधील एक गजबजलेला रस्ता आहे; दारावर पांढरे कबूतर बसले आहे, पायऱ्यांवर आणि पदपथावर माणसे आहेत, आणि त्यांची डोकी व हात शरीराच्या मानाने फार मोठे आहेत. आकार म्हणून पाहिले तर हे मोठे हात रचनेतील विरोधलय सिद्ध करतात. छायाचित्राचे तुकडे म्हणून पाहिले तर ते कोणाचे तरी खरोखरीचे हात आहेत. परंतु त्यांचा मोठेपणा जो अर्थ देतो, तो या दोहोंपैकी कोणत्याही एका पातळीवर लागत नाही. वापरलेले, राबलेले हात असा अर्थ त्यातून निघतो, तो खरा हात आणि चुकीचे प्रमाण या दोहोंच्या संघर्षातूनच. लयतत्त्वांचे विश्लेषण येथे निरुपयोगी ठरत नाही. मात्र लयीने संघटित होणारे घटक निव्वळ संवेदना आहेत हे गृहीत सोडून द्यावे लागते. कोलाजचा तुकडा संवेदनाही आहे आणि निर्देशही आहे. या बाबतीत ते साहित्याच्या अधिक जवळ आहे; कारण शब्दही ध्वनी असतो, अर्थ असतो, आणि आपल्याआधी तो दुसऱ्या कोणीतरी वापरलेला असतो.

‘पॅचवर्क क्विल्ट’ (१९७०) या चित्रात कागदाबरोबर प्रत्यक्ष कापडाचे तुकडे आहेत. त्यांच्या ठिगळांच्या अंथरुणावर, प्राचीन इजिप्तमधील आकृतींची आठवण करून देणारी एक कृष्णवर्णीय स्त्री पहुडली आहे. मराठी वाचकास येथे गोधडी आठवणे स्वाभाविक आहे, आणि तुलना बोधकही आहे. गोधडीतील तुकडा घरचा असतो : हे आजीचे लुगडे, हा धाकट्याचा सदरा, असे बोट ठेवून सांगता येते. चित्रातील कापड कोणाचे होते हे पाहणाऱ्यास ठाऊक नसते. ज्या स्त्रियांनी अशी ठिगळकामे केली त्यांची जोडण्याची रीत तेवढी येथे आली आहे, आणि स्मृती वाहून नेण्यास ती पुरेशी ठरते. शब्दसंग्रह परका घेऊनही वाक्यरचना आपली राहू शकते, हे भाषाभ्यासकास नवे नाही. गुलामगिरीत मूळ भाषा हिरावल्या गेलेल्या समाजांनी लादलेल्या शब्दांतूनच नव्या भाषा घडविल्या. बिअर्डन यांची कात्री त्याच जातीचे काम करते.

५

आता राहिलेला प्रश्न : ही स्मृती कोणाची? मराठीस प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ ऐकणाऱ्यास वगळते. ‘आपण’ त्यास सामावून घेते. इंग्रजीत हा भेद सर्वनामातून व्यक्त होत नाही, आणि बिअर्डन यांच्यावरील इंग्रजी समीक्षेत ‘सामूहिक स्मृती’ हा शब्दप्रयोग जो सैलपणे वापरला जातो, त्याचे एक कारण हेही असावे. समूह म्हटला की त्यात पाहणारा आहे की नाही, हे ठरविणे आवश्यक असते.

१९६४ च्या चित्रांतील समूह हा ‘आम्ही’ आहे. त्या चित्रांतील डोळे चित्राबाहेर, सरळ पाहणाऱ्याकडे रोखलेले असतात. ‘प्रिव्हेलन्स ऑफ रिच्युअल’ या मालिकेतील ‘बॅप्टिझम’ या चित्रात नदीकाठच्या दीक्षाविधीसाठी जमलेल्या माणसांच्या चेहऱ्यांत आफ्रिकी मुखवट्यांचे भाग मिसळले आहेत. विधी त्यांचा आहे. पाहणारा काठावर उभा आहे. हाना होख यांनी १९२० नंतरच्या दशकात आरंभिलेल्या ‘एका मानववंशशास्त्रीय संग्रहालयातून’ या मालिकेतही बिगरयुरोपीय मुखवटे आणि स्त्रीदेह यांचे सांधे आहेत. पण तेथील मुखवटा संग्रहालयाच्या कपाटातून आलेला आहे, आणि युरोपीय स्त्रीच्या रूढ प्रतिमेस परके करून दाखविणे हे त्याचे कार्य आहे. बिअर्डन यांच्या चित्रात तोच मुखवटा त्याच कपाटातून घेतलेला असूनही घरी परतल्यासारखा बसतो. सामग्री सारखी असून अर्थ उलट व्हावा, हा जोडणीचा प्रभाव.

‘द ब्लॉक’ (१९७१) या सहा फलकांच्या, अठरा फूट लांबीच्या चित्रात सर्वनाम बदलू लागते. मित्र आल्बर्ट मरी यांच्या सदनिकेच्या सज्जातून दिसणारा हार्लेममधील लेनॉक्स अव्हेन्यूचा एक तुकडा येथे आहे : चर्च, केशकर्तनालय, दुकाने, अंत्ययात्रा. इमारतींच्या भिंती जागोजाग कापून आतील खोल्या उघड्या केल्या आहेत. एका ठिकाणी मृताचा आत्मा वर जाताना दिसतो. प्रथम प्रदर्शित झाले तेव्हा चित्राबरोबर रस्त्यावरील आवाजांचे ध्वनिमुद्रणही ऐकविले गेले. येथे कोणी पाहणाऱ्याकडे डोळे रोखून उभे नाही. पाहणाराच रस्त्यावरून चालू लागतो. पुढे १९७७ मध्ये बिअर्डन यांनी होमरच्या ओडिसियसवर मालिका केली आणि तिच्यातील माणसे कृष्णवर्णीय दाखविली. घर सोडून गेलेला आणि घराकडे परतू पाहणारा माणूस हा आता कोणाचाही नायक होऊ शकतो. ‘आम्ही’पासून ‘आपण’पर्यंतचा हा प्रवास आहे, परंतु तो ‘आम्ही’ पुसून झालेला नाही. आधी आपली ओळख ठामपणे उच्चारली गेली, म्हणूनच पुढे इतरांना तिच्यात घेता आले.

६

या विवेचनास मर्यादा आहेत, त्या नोंदविणे इष्ट. समासाची उपमा ही उपमाच होय. भाषेत अशुद्ध वाक्य असते. कोलाजमध्ये अशुद्ध रचना कोणती हे सांगणारा नियम नाही. भाषेला नकार देता येतो. चित्राला ‘हे असे नव्हते’ असे म्हणता येत नाही. म्हणून व्याकरणाने येथे दृष्टी द्यावी, निर्णय देऊ नये.

निर्णय चित्रे पाहूनच द्यावा लागतो, आणि तो सर्वत्र अनुकूल नाही. १९७० नंतरच्या दशकात बिअर्डन यांच्या चित्रांत रंगीत कागदाचे सपाट आकार वाढत गेले, छायाचित्रांचे तुकडे कमी झाले, सांध्यांवर रंग चढू लागला. मेक्लेनबर्गच्या बागा, कोंबडे, दूरवरून जाणारी आगगाडी ही चिन्हे पुन्हा पुन्हा येऊन सुबक झाली. ही चित्रे नेत्रसुखद आहेत यात शंका नाही. परंतु जेथे तुकड्याने आपला पूर्वार्थ पूर्णतः टाकला, म्हणजे रचना जहत्स्वार्था झाली, तेथे स्मृतीची जागा गतकाळाच्या हुरहुरीने घेतली असे म्हणावे लागते. मूळ हरवल्याची जाणीवच तेथे हरवते.

त्याच काळातील ‘प्रोफाइल’ ही आत्मचरित्रात्मक मालिका (१९७८ आणि १९८१) या दोषापासून बऱ्याच अंशी मुक्त आहे. तिच्यातील प्रत्येक चित्राशेजारी बिअर्डन यांनी मरी यांच्या साहाय्याने लिहिलेला छोटा मजकूर भिंतीवर असे. चित्र आणि वाक्य यांच्यामध्ये नवा सांधा निर्माण झाला, आणि तो उघडा राहिला. पहिल्या भागातील ‘मिल हँड्स लंच बकेट’ या चित्रात पिट्सबर्गच्या वसतिगृहातील मजूर कामावर निघाला आहे. टेबलाशी एक खचलेला माणूस बसला आहे. पिट्सबर्ग येथेच १९४५ मध्ये जन्मलेले नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी हे चित्र पाहिले, आणि त्या बसलेल्या माणसातून ‘जो टर्नर्स कम अँड गॉन’ या नाटकाचा नायक त्यांना सापडला. नाटकाचे स्थळ पिट्सबर्गमधील असेच वसतिगृह आहे आणि काळ १९११ चा, म्हणजे बिअर्डन यांच्या जन्मवर्षाचा. ज्या काळाची आठवण चित्रकारास असणे शक्य नव्हते आणि नाटककारास तर नव्हतेच, त्या काळातील माणसे अशा रीतीने पुन्हा उभी राहिली.

बिअर्डन यांची स्मृती कोणाची, याचे उत्तर येथे मिळते. ती ज्याच्या मनात साठली त्याच्यापुरती उरली नाही. ज्याला तिची जोडणी पुढे चालविता आली, त्याची ती झाली. ‘मला आठवते’ या आपल्या वाक्यातील ‘मला’ चतुर्थीतच राहील, आणि राहावा. आठवण येण्यावर कोणाची सत्ता नाही. परंतु ज्यांची छायाचित्रे, दप्तरे, घरे आणि भाषा हिरावली गेली, त्यांनी आठवण येण्याची वाट पाहत बसावे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना ती जोडून घ्यावी लागते. अशा जोडलेल्या स्मृतीकडे अभ्यासकाने पाहावे ते सांध्यांकडे लक्ष ठेवून. ती कोणी, कशासाठी आणि किती प्रामाणिकपणे जोडली, हे तेथेच वाचता येते.